तिकिटावरचा मेमीन आणि शिरगणतीतली रिकामी जागा

टपाल तिकिटांच्या इतिहासात संग्राहकांखेरीज एरवी कोणाला फारसा रस नसतो. परंतु २९ जून २००५ रोजी मेक्सिकोच्या टपाल खात्याने विक्रीस काढलेल्या पाच तिकिटांच्या एका संचाने दोन देशांच्या सरकारांना एकमेकांविरुद्ध बोलते केले, वृत्तपत्रांचे रकाने आठवडेच्या आठवडे भरले आणि मेक्सिको शहरातील टपाल कचेरीसमोर रांगा लावल्या. प्रत्येक तिकीट साडेसहा पेसोंचे. छपाई एकूण साडेसात लाखांची. थोड्याच दिवसांत ती संपली आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने हातोहात विकली जाऊ लागली. तिकिटांवर होता मेमीन पिंगीन. मेक्सिकोच्या दोन-तीन पिढ्यांनी लहानपणी वाचलेल्या चित्रकथेचा हा नायक म्हणजे एक कृष्णवर्णीय मुलगा. डोक्यावर टोपी, तुळतुळीत डोके, दोन्ही बाजूंना पसरलेले कान, बटबटीत डोळे आणि अर्धा चेहरा व्यापणारे ओठ.

आम्ही हे चित्र काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात, चित्रकथा आणि लोकप्रिय साहित्य या घटकाच्या निमित्ताने, काहीही प्रस्तावना न करता दाखवले होते. वर्ग हसला. हसणे साहजिक होते, चित्र हसवण्यासाठीच काढलेले आहे. हे मेक्सिकोचे सरकारी तिकीट आहे असे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण मेक्सिकोत असे लोक आहेत का?" त्या क्षणी आम्ही दिलेले उत्तर अगदीच मोघम होते. नंतर वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले की सबंध वादात जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा होता तो हाच, आणि वादाच्या दोन्ही मुख्य पक्षांनी तो विचारलाच नव्हता.

प्रथम मेमीनविषयी. योलांदा वार्गास दुल्चे या लेखिकेने चाळीसच्या दशकात 'पेपीन' या चित्रकथांच्या नियतकालिकासाठी त्याला जन्म दिला. आरंभीची चित्रे आल्बेर्तो काब्रेरा यांची. पुढे साठच्या दशकापासून सिक्स्तो वालेन्सिया यांनी काढलेला मेमीन घरोघरी पोहोचला, आणि तिकिटांवर आला तो हाच. वार्गास दुल्चे या मेक्सिकोच्या लोकप्रिय कथनपरंपरेतले एक मोठे नाव. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कौटुंबिक कथा हा त्यांचा हातखंडा, आणि मेमीनची कथाही त्याच घाटाची आहे. मेमीनची आई युफ्रोसिना लोकांचे कपडे धुऊन घर चालवते. मेमीनचे तीन मित्र, त्यांतला एक श्रीमंताघरचा, एक सुताराचा मुलगा, एक आईच्या एकटीच्या आधाराने वाढणारा. चौघे मिळून शाळा चुकवतात, मार खातात, एकमेकांसाठी भांडतात. मेमीन वर्गात मागे, पण मनाने सगळ्यांहून निर्मळ. एका प्रसिद्ध भागात ही मुले फुटबॉलचा सामना खेळायला टेक्सासला जातात. तेथल्या एका दुकानात काळ्या मुलाला काही मिळणार नाही असे सांगितले जाते, तेव्हा त्याचे मित्र दुकानदाराशी मारामारी करतात. मेक्सिकन वाचकाला मेमीनबद्दल जो जिव्हाळा वाटतो त्याच्या मुळाशी असे प्रसंग आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही.

तिकिटे आली ती वेळही वाईट होती. दीड महिन्यापूर्वी, मे महिन्यात, अध्यक्ष विसेंते फॉक्स यांनी टेक्सासच्या व्यावसायिकांपुढे बोलताना, अमेरिकेत काळ्यांनाही करायची नसतात ती कामे मेक्सिकन लोक करतात, अशा अर्थाचे विधान केले होते. त्यावर गदारोळ झाला, रेव्हरंड जेसी जॅक्सन मेक्सिकोला जाऊन फॉक्स यांना भेटले, खेदाचे चार शब्द निघाले. ते पुरते विरण्याआधी ही तिकिटे निघाली. जॅक्सन, अल शार्प्टन आणि अमेरिकेतील नागरी हक्क संघटनांनी ती मागे घेण्याची मागणी केली. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यानेही, वंशाविषयीच्या अशा ठोकळेबाज प्रतिमा कोठूनही आल्या तरी अपमानकारकच असतात, असे सांगून टाकले. मेक्सिकोचे सरकार मागे हटले नाही. परराष्ट्रमंत्र्यांनी टीकाकारांना आमची संस्कृतीच ठाऊक नाही असे म्हटले. खुद्द फॉक्स यांनी मेमीनबद्दलचे आपले प्रेम जाहीर केले. वॉशिंग्टनमधील दूतावासाच्या प्रवक्त्याने 'स्पीडी गॉन्झालेस' या हॉलिवुडच्या मेक्सिकन उंदराचा दाखला देऊन, त्याला आम्ही कधी वंशद्वेष म्हटले नाही, तर मेमीनलाही तुम्ही म्हणू नये, असा युक्तिवाद केला.

हा युक्तिवाद आम्हाला मोठा मासलेवाईक वाटतो. स्पीडी हे अमेरिकनांनी काढलेले मेक्सिकनांचे चित्र. त्याबद्दल क्षमाशील असण्याचा अधिकार मेक्सिकनांचा. मेमीन हे मेक्सिकनांनी काढलेले काळ्यांचे चित्र. त्याबद्दल क्षमाशील असण्याचा अधिकार कोणाचा? प्रवक्त्याच्या तर्कात हा तिसरा माणूस कोठेच नाही.

मेक्सिकन बाजूने सर्वांत विचारपूर्वक मांडणी केली ती इतिहासकार एन्रिके क्राउझे यांनी, आणि तीही 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये, म्हणजे प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन. मेमीनमध्ये मेक्सिकन वाचकाला तिरस्कार नव्हे तर आपुलकी दिसते. अमेरिकेतील वंशभेदाचा इतिहास वेगळा, आमचा वेगळा. एका समाजाच्या जखमांची मोजपट्टी दुसऱ्या समाजाच्या चित्रांना लावू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तर ते फारच जवळचे वाटावे, कारण संदर्भावाचून अर्थ नाही हेच आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. मेक्सिकोत 'नेग्रितो' हा शब्द लाडाने वापरतात, जसे आपल्याकडे घरात एखाद्या पोराला 'काळ्या' म्हणून हाक मारतात आणि ते पोरही ओ देते. मात्र तीच हाक घराच्या उंबऱ्याबाहेर, अनोळखी माणसाच्या तोंडून आली की काय होते हेही आपण जाणतो.

त्यातही क्राउझे यांनी वेगळा म्हटलेला तो इतिहास खरोखर तितका वेगळा होता का? मेमीनचा चेहरा पाहा. तो मेक्सिकोच्या मातीत उगवलेला नाही. १८३०च्या सुमारास अमेरिकेत गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून 'जिम क्रो' नाचू लागले, तेव्हापासून हे ओठ आणि हे डोळे रंगमंचावर, जाहिरातींत, गाण्यांच्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर आणि अखेर चित्रकथांत फिरत राहिले. विल आयस्नर यांच्या १९४० साली सुरू झालेल्या 'द स्पिरिट'मधला एबनी व्हाइट हा पोरगा मेमीनचा सख्खा भाऊ शोभेल. क्यूबाच्या 'बुफो' रंगभूमीवरही काजळी फासलेला 'नेग्रितो' एकोणिसाव्या शतकापासून नाचत होता. म्हणजे व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने ज्या चेहऱ्याबद्दल मेक्सिकोला कानपिचक्या दिल्या तो मुळात अमेरिकेच्याच कारखान्यातला माल होता. तो सीमेपलीकडे जाऊन, तेथे स्वस्त कागदावर छापला जाऊन परत आला होता.

जाता जाता आपल्या घराशी आलेला एक धागा. इंग्रजी बालसाहित्यातले 'लिटल ब्लॅक सँबो' हे बदनाम पुस्तक १८९९ साली निघाले. त्याच्या लेखिका हेलन बॅनरमन या भारतीय वैद्यकीय सेवेतील एका डॉक्टरच्या स्कॉटिश पत्नी, वास्तव्य भारतात. त्या गोष्टीत वाघ आहेत, आणि झाडाभोवती पळून पळून त्या वाघांचे शेवटी तूप होते. वाघ आणि तूप ज्या देशात एकत्र नांदतात तो देश कोणता हे मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही मुलाचा चेहरा अटलांटिकपलीकडच्या तमाशातला, आणि अमेरिकेतील पुढच्या आवृत्त्यांनी तर त्याला सरळ तेथल्या कापसाच्या मळ्यातच नेऊन बसवले. साचा एकदा तयार झाला की त्यात कोणत्याही देशाचा माणूस ओतता येतो. इंग्रजीतला 'स्टिरिओटाइप' हा शब्द मुळात छापखान्यातलाच आहे. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यावरून ओतलेली एकसंध धातूची पाटी, म्हणजे पुन्हा जुळणी करण्याचे काम उरत नाही. मराठीत आपण 'साचेबंद' आणि 'ठोकळेबाज' म्हणतो. हेही शब्द त्याच घराण्यातले वाटतात.

चित्रकथा ही खाजगी वस्तू आहे. वाचक ती विकत घेतो, हसतो, रडतो, टाकून देतो. तिकीट शासन छापते. त्यावर देशाचे नाव असते, आणि ते चिकटवलेले पाकीट जगात कोठेही गेले तरी त्या देशाच्या वतीने बोलत राहते. म्हणूनच तिकिटावर कोणाला घ्यावे आणि कोणत्या पवित्र्यात घ्यावे हा प्रश्न कलेपेक्षा सत्तेचा अधिक असतो. या बाबतीत अमेरिकेचे टपाल खातेही धुतल्या तांदळासारखे नाही. तेथे कृष्णवर्णीय व्यक्तीचे पहिले तिकीट निघाले १९४० साली, बुकर टी. वॉशिंग्टन यांचे. त्याच वर्षी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या पंचाहत्तरीनिमित्त तीन सेंटांचे एक तिकीट निघाले. त्यावर आहे वॉशिंग्टन शहरातील १८७६ सालचे एक स्मारकशिल्प. लिंकन उभे आहेत, एक हात पुढे केलेला, आणि त्यांच्या पायाशी एक कृष्णवर्णीय पुरुष गुडघ्यावर.

या शिल्पाची कथा मेमीनच्या वादात कोणी काढली असल्याचे आमच्या वाचनात आले नाही, पण ती काढण्याजोगी आहे. स्मारकाचा पैसा दास्यमुक्त झालेल्या काळ्या माणसांनी उभा केला होता. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या मुक्त झालेल्या स्त्रीने दिले. शिल्प कसे असावे हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही. अनावरणाच्या दिवशी भाषण केले ते फ्रेडरिक डग्लस यांनी, आणि नंतर काही दिवसांतच वृत्तपत्राला पत्र लिहून त्यांनी आपली नापसंती नोंदवली. आपण मरण्यापूर्वी काळा माणूस गुडघ्यांवर नव्हे तर आपल्या पायांवर ताठ उभा असलेले स्मारक पाहावे, अशी इच्छा त्यांनी त्या पत्रात व्यक्त केली होती. ते पत्र विस्मृतीत गेले आणि २०२० साली पुन्हा उजेडात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमधील या शिल्पाची प्रतिकृती हलवण्यात आली. मधल्या काळात ते गुडघ्यावरचे शिल्प तिकिटावर चढून देशभर फिरून आले होते. पैसा ज्यांचा, चेहरा ज्यांचा, त्यांचा शब्द मात्र नाही. आमच्या मते मेमीनच्या प्रकरणाचे मर्मही येथेच आहे. चित्र विद्रूप होते हा त्यातला निम्मा भाग झाला. चित्र ज्यांचे त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, हा उरलेला निम्मा.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे २०१२ सालचा मे महिना आठवेल. शंकर यांनी १९४९ साली आपल्या साप्ताहिकासाठी काढलेले एक व्यंगचित्र, राज्यघटनेच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू, हे एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात २००६ पासून छापले जात होते. संसदेत त्यावरून क्षोभ झाला, सरकारने चित्र वगळण्याची घोषणा केली, पुस्तकाचे प्रमुख सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन आम्ही तेव्हा केले नाही, आजही करत नाही. ज्या अध्यापकाने ते पुस्तक विद्यार्थ्यांना विचार करायला लावण्यासाठी घडवले त्याच्याच टेबलाची ती गत व्हावी हे क्लेशकारक होते. ते चित्र आणि मेमीन यांची जात एक नाही, हेही उघड आहे. शंकरांचा रोख विशिष्ट व्यक्तींवर आणि विशिष्ट घटनेवर होता. तरीही त्या वेळी आम्हा प्राध्यापक मंडळींत जी चर्चा झाली तीत एक मुद्दा आम्हाला उशिराच उमगला. साप्ताहिकात छापलेले चित्र हे एका चित्रकाराचे मत असते. सरकारी पुस्तकात आले की ज्याच्या हातात ते पुस्तक पडते त्या मुलाला ते सरकारचे मत वाटू शकते. चित्राची एकही रेघ बदलत नाही, पण बोलणारा बदलतो. आणखी एक फरक होता, आणि तो मेक्सिकोच्या संदर्भात महत्त्वाचा. येथे ज्यांना अपमान वाटला ते संघटित होते, त्यांचे मत होते, संसदेत त्यांच्या वतीने उभे राहणारे होते. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ते ऐकले गेले.

मेक्सिकोत हे घडले नाही, आणि का घडले नाही हे पाहण्यासाठी राजधानीपासून दूर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर जावे लागते. आकापुल्कोच्या आग्नेयेला ग्वेरेरो आणि ओआहाका या दोन राज्यांत पसरलेला जो किनारा आहे त्याला कोस्ता चिका म्हणतात. येथली कित्येक गावे आफ्रिकी वंशाच्या लोकांची आहेत. स्पॅनिश राजवटीत सुमारे दोन लाख आफ्रिकी माणसे गुलाम करून या देशात आणली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. साखरेचे मळे, चांदीच्या खाणी, गुरांचे कळप आणि शहरांतली घरे त्यांच्या श्रमावर चालली. वेराक्रूझच्या डोंगरात पळून गेलेल्या गुलामांचा नायक यांगा याने १६०९ साली चालून आलेल्या राजाच्या फौजेला दाद दिली नाही. शेवटी राजसत्तेला त्याच्या लोकांसाठी मुक्त गावाचा हक्क मान्य करावा लागला, आणि ते गाव आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. स्वातंत्र्ययुद्धातले दोन मोठे सेनानी, मोरेलोस आणि विसेंते ग्वेरेरो, हे आफ्रिकी रक्ताचे वारसदार. ग्वेरेरो पुढे अध्यक्ष झाले आणि सप्टेंबर १८२९ मध्ये त्यांनी गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम काढला. अमेरिकेच्या छत्तीस वर्षे आधी.

मग हा इतिहास गेला कोठे? याचे उत्तर आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले, कारण ते एका चांगल्या हेतूपासून सुरू होते. स्वातंत्र्यानंतर लगेच, १८२२ साली, सरकारी कागदपत्रांत माणसाची जात वा वंश लिहू नये असा नियम झाला. स्पॅनिशांनी प्रत्येक मिश्रणाला एक नाव आणि एक पायरी दिली होती. ती उतरंड मोडून सगळे केवळ नागरिक व्हावेत, हा उद्देश. उतरंड कागदावरून गेली, माणसांच्या वागण्यातून गेली नाही, आणि आता तिच्याविरुद्ध तक्रार करायलाही शब्द उरला नाही. १९२१च्या खानेसुमारीत वंश विचारला गेला, पण पर्याय होते ते मूलनिवासी, मिश्र आणि गोरे यांचे. काळ्यांसाठी रकानाच नव्हता. त्याच सुमारास शिक्षणमंत्री असलेले होसे वास्कॉन्सेलोस यांनी १९२५ साली 'ला रासा कोस्मिका' लिहून साऱ्या वंशांच्या मिश्रणातून निपजणाऱ्या एका नव्या मानवजातीचे स्वप्न मांडले. स्वप्न भव्य होते खरे, पण त्यात कमी देखणे मानलेले वंश आपण होऊन विरून जातील अशीही सोय करून ठेवलेली होती. मेक्सिकन म्हणजे मिश्र, मिश्र म्हणजे स्पॅनिश अधिक मूलनिवासी. तिसरे मूळ समीकरणातून गळाले. गोन्सालो आगिर्रे बेल्त्रान यांनी १९४६ साली वसाहतकाळातील दप्तरे धुंडाळून काळ्या लोकसंख्येचा इतिहास लिहिला, १९५८ साली कोस्ता चिकातील क्वाहिनिक्विलापा या गावावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ती पुस्तके विद्वानांनी वाचली. त्याच वर्षांत बाकीचा देश मेमीन वाचत होता.

हा योगायोग क्रूर आहे. ज्या दशकात आगिर्रे बेल्त्रान दप्तरांतून खरी माणसे काढत होते त्याच दशकात वार्गास दुल्चे यांनी मेमीन निर्माण केला, आणि त्याची प्रेरणा क्यूबात पाहिलेल्या मुलांची असल्याचे सांगितले जाते. काळा माणूस म्हटला की तो क्यूबाचा, परका, पाहुणा, हे देशाला इतके स्वाभाविक वाटत होते. कोस्ता चिकातील लोकांनी वारंवार सांगितलेला अनुभव असा की, प्रवासात पोलीस त्यांना अडवतात, तुम्ही मेक्सिकन असूच शकत नाही म्हणतात आणि पुरावा म्हणून राष्ट्रगीत म्हणायला लावतात. आमच्या विद्यार्थिनीने वर्गात निरागसपणे विचारलेला प्रश्न तेथे गणवेशातला माणूस विचारतो.

याच लोकांतून १९९७ साली एक चळवळ उभी राहिली होती. ओआहाकातील एल सिरुएलो या खेड्यात त्रिनिदादहून आलेले पाद्री ग्लिन जेमट यांच्या पुढाकाराने 'काळ्या गावांची भेट' भरली आणि 'मेहिको नेग्रो' ही संघटना आकाराला आली. २००५ साली या संघटनेने अध्यक्ष फॉक्स यांना खुले पत्र लिहून तिकिटांचा निषेध केला. मेमीन हा आमचा गौरव नाही, आमच्याविषयीच्या चेष्टेला मिळालेली सरकारी मान्यता आहे, असा त्याचा आशय होता. बातम्यांत त्याची नोंद झाली, पण जॅक्सन काय म्हणाले आणि फॉक्स काय म्हणाले यांच्या खाली, एखाद्या परिच्छेदात. टीका अमेरिकेची आहे असे एकदा ठरल्यावर तिकीट विकत घेणे हे देशभक्तीचे कृत्य झाले, आणि आपल्याच देशातील नागरिकांची तक्रार परकीयांच्या कोलाहलात बुडून गेली. अमेरिकेतील टीकाकारांचा हेतू आम्ही वाईट मानत नाही. तरी त्यांच्या आवाजाने मेक्सिकन सरकारची मोठीच सोय झाली, असे म्हणावेसे वाटते. देशातल्या माणसाला उत्तर देण्यापेक्षा शेजाऱ्याला उत्तर देणे केव्हाही सोपे.

शासनाने या लोकांना मोजले नव्हते. किती आहेत, कोठे आहेत, शाळेत जातात की नाही, याचा एकही आकडा सरकारजवळ नव्हता. त्याच शासनाने २००५ साली त्यांच्या वर्णाचा एक चेहरा साडेसात लाख प्रतींत छापला, आणि तो एका हसऱ्या, विद्रूप, काल्पनिक मुलाचा होता. मेमीनचे चाहते म्हणतात त्याप्रमाणे तो प्रेमळ होता हे मान्य करूनही आम्हाला हा हिशेब जुळवता येत नाही.

पुढची कथा तिकिटांची नाही, पण ती सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. संघटनांनी नंतरच्या वर्षांत लावून धरलेली मुख्य मागणी एखादे चित्र मागे घेण्याची नव्हती. शिरगणतीत आमच्यासाठी एक प्रश्न घाला, ही होती. २०१५च्या मधल्या पाहणीत तो प्रश्न प्रथम आला, आणि १३ लाख ८० हजारांहून अधिक लोकांनी स्वतःला आफ्रिकी वंशाचे म्हणून नोंदवले. ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात आफ्रो-मेक्सिकन समाजांना देशाच्या बहुविध घडणीचा भाग म्हणून मान्यता मिळाली. २०२०च्या जनगणनेत हा आकडा २५ लाख ७६ हजारांवर, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांवर गेला. पाच वर्षांत माणसे जवळजवळ दुप्पट झाली नाहीत, हे सांगायला नको.

प्रश्नाची शब्दयोजना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि भाषेच्या शिक्षकांना तो विशेष रोचक वाटेल. कोस्ता चिकातील पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला 'मोरेनो', म्हणजे सावळे, म्हणत आले आहेत. 'नेग्रो' हा शब्द काहींना शिवी वाटतो, काहींना अभिमानाचा. 'आफ्रो-मेक्सिकन' हा शब्द पुस्तकातून आलेला, म्हाताऱ्यांच्या जिभेवर न रुळलेला. शिरगणती करणारा दारात येईल तेव्हा त्याने यांपैकी कोणता शब्द उच्चारावा यावर बैठकांमागून बैठका झाल्या. अखेर २०२०च्या प्रश्नावलीत एकच शब्द न ठेवता तीन ठेवले गेले: आपले पूर्वज, आपल्या चालीरीती आणि परंपरा यांवरून आपण स्वतःला आफ्रो-मेक्सिकन, काळे किंवा आफ्रिकी वंशाचे समजता का? 'मोरेनो' त्यात नाही. त्या दारात उभे राहून कोणी किती वेळ विचार केला आणि मग काय सांगितले, हे आकड्यांत दिसत नाही.